आमच्या पातेल्यातलं पाणी

माझ्या मुलीला तुम्ही खोटं बोलायला शिकवलं असतंत तर मी एक वेळ सोसलं असतं. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. ते त्याने आत कुठेतरी दडवलेलं असतं, आणि रडून-भेकून, गळ्यात पडून, नाहीतर दोन थोबाडीत देऊन ते बाहेर काढता येतं. मी आई आहे, मला ते जमतं. पण तुम्ही तिला खोटं बोलायला शिकवलं नाहीत. तुम्ही तिची अशी गत केलीत की स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट ती घडली तशी, अगदी मनापासून सांगते, आणि त्या गोष्टीचा अर्थ तिला दिसत नाही. तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते मला सांगता येणार नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हसणारा तो चेहरा, की त्याच्या मागे टाळ्या वाजवणारे, की कुठल्याशा गार खोलीत बसून कोणता धडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा ते ठरवणारे? तुमचं दार मला माहीत नाही. मी इस्पितळाच्या जिन्यात बसले आहे, फोन कानाला आहे, पलीकडे माणूस नाही, नुसतं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये भरून घेणारं यंत्र चालू आहे. ते कसं, ते ओघात येईल. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी बाई. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते मुलीच्या पुस्तकांतून, तिच्या शेजारी बसून, तिला कळू न देता. त्यामुळे गोल गोल बोलणं मला येत नाही. वरच्या मजल्यावरून मला कुणी हाक मारत नाही तोवर मी बोलणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात, कारण हे बोलणं ऐकलं जातं असं फोन लागताच तुम्हीच सांगता.

माझ्यापुरती सुरुवात एका पेल्यापासून झाली. सकाळची घाई होती. हे दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होते, मी डब्याच्या झाकणाशी झटापट करत होते, आणि आमची पोरगी ओट्याशी आली. तिने पेला घेतला, पातेल्यावरची ताटली उचलायच्या ऐवजी नळ सोडला, पेला काठोकाठ भरला आणि माझ्याकडे बघत बघत संपवला. तहान लागल्यावर माणूस पितं तसा नाही. शपथ घ्यावी तसा. तिचा गळा वरखाली होत होता ते मला अजून दिसतं, त्या गळ्यावर लहानपणी पडल्याची एक बारीक खूण आहे, ती खूणही वरखाली होत होती. पेला पालथा घालताना तिने जरा आपटलाच. मी म्हटलं, अगं, ते उकळलेलं नाही. ती म्हणाली, माहीत आहे. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिथे एक शांतपणा होता, परीक्षेला निघालेल्या हुशार मुलीचा असतो तसा. मग तिने वडिलांकडे मान वळवली.

"बाबा, तुम्ही दिवसभर फोनवर काय सांगता?"

ह्यांनी वर बघितलं नाही.

"पाणी चांगलं आहे असं सांगता. आणि घरी आलात की आईने उकळलेलं पिता. दोन्हींतलं एक खोटं असणार ना? मग तुम्ही जे मोठ्याने, सगळ्यांना सांगता, ते मी खरं धरलं."

"नाडी तुटली," हे म्हणाले. आणि खरंच तुटली होती. तुकडा हातात घेऊन ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहिले.

माझा नवरा पाणीखात्याच्या तक्रारींच्या फोनवर बसतो. लांबट खोली, भिंतीकडे तोंड करून टेबलं, कानाला ते हेडफोन, मागे काचेआड देखरेख करणारा माणूस. स्वतःचा मोबाईल दारातल्या कप्प्यात ठेवून आत जायचं. टेबलावर एक जाड कागद चिकटवलेला आहे आणि त्यावर एक वाक्य आहे. नळाला वास येतो म्हणून कुणी फोन केला, पाण्यात धागे दिसतात म्हणून केला, पोर ओकतंय म्हणून केला, तरी आधी ते वाक्य म्हणायचं: आपल्या भागातलं पाणी नियमित तपासलेलं असून पिण्यास योग्य आहे. गटाराच्या बाजूने नवी पाइपलाइन टाकली तेव्हापासून पाण्याला वास होता. ओल्या फडक्यासारखा. हे पहिल्याच आठवड्यात घरी येऊन म्हणाले, उकळत जा. कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या वाक्याची आम्ही घरात टिंगल करायचो. भाजी करपली की मी ताट पुढे सरकवत म्हणायची, तपासलेली असून खाण्यास योग्य आहे, आणि तिघंही हसायचो. पोरगी तर ह्यांच्या आवाजाची नक्कल करायची, नाकातून. मग एका जेवणाला ती हसली नाही. घास चावत राहिली आणि म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे. त्या दिवशी मला कळायला हवं होतं की घरात कुणीतरी चौथं जेवायला बसलंय.

तिला आम्ही तपासनीस म्हणायचो. तिचं खरं नाव हाक मारायला फारसं वापरलंच नाही. घड्याळातला सेल संपला तर तो संपला हे सांगून तिला पटायचं नाही, दुसऱ्या घड्याळात घालून बघायची. वाटाण्याच्या शेंगेत किती दाणे ते सोलायच्या आधी बोटांनी चाचपून सांगायची आणि मग सोलून स्वतःला मार्क द्यायची. शाळा सुटली की माझ्या दुकानात यायची. आमचे चष्मेवाले, म्हणजे दुकानाचे मालक, डोळे तपासतात त्या खुर्चीत बसायला तिला फार आवडायचं. ती जड गोल फ्रेम नाकावर, पाय लोंबकळत, आणि चष्मेवाले भिंगं बदलत विचारायचे, पहिलं की दुसरं? हा प्रश्न मी इतकी वर्षं रोज ऐकते आहे. त्यातली गंमत अशी की त्याचं उत्तर चष्मेवाल्यांना माहीत नसतं. मलाही नसतं. जगात फक्त खुर्चीतल्या माणसाला माहीत असतं, आणि त्याने खरं सांगितलं तरच पुढे काही होतं. मोठी माणसं इथे गडबडतात. घाबरून चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे बघतात, बरोबर उत्तर कोणतं ते त्यांच्या भुवयांवर शोधतात. आमची पोरगी सरळ म्हणायची, दोन्ही सारखंच दिसतंय. चष्मेवाले मला म्हणायचे, बाई, हे तुमचं एकच गिऱ्हाईक मला फसवत नाही.

आणि एक होता बसचा ड्रायव्हर. त्याला कामावर दाखवायला डोळ्यांचा दाखला हवा होता. बाकावर नंबर येईपर्यंत बसला होता, आतला अक्षरांचा तक्ता दाराच्या फटीतून अर्धा दिसायचा, बाकीचा आधीच्या माणसांचं वाचन ऐकून त्याने पाठ केला. आत गेला आणि खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. चष्मेवाल्यांना शंका आली, त्यांनी तक्ता उलटा टांगला. ड्रायव्हरने तोही तसाच वाचला, सुलट्या तक्त्याची अक्षरं, एकही न चुकता. आम्ही इतके हसलो त्या दिवशी. पोरगी खुर्चीखाली बसून पोट धरून हसत होती. घरी जाताना मात्र तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, आई, तो ड्रायव्हर बस चालवतो? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, आपल्याकडची? तिचा तो तळहात, घामेजलेला, माझ्या तळहातात अजून आहे. वर वॉर्डात मी जो हात धरते तो गरम आणि कोरडा आहे, आणि तो मला धरत नाही.

तुमच्यावर सगळंच घालणार नाही मी. तुम्ही यायच्या आधीपासून त्या शाळेत प्रयोगाचं उत्तर आधी ठरलेलं असायचं. लोलक टांगायचा, घड्याळ लावायचं, आणि शेवटी जो आकडा यायला हवा तो पुस्तकात छापलेलाच होता. विज्ञानाच्या सरांचा आवाज गोड, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी कड. ते सांगायचे, उत्तर चुकलं तर मार्क जातील, तेव्हा उत्तरापासून मागे या. मुलं मागे यायची. शेवटचा आकडा आधी लिहायचा, मग त्याला शोभतील असे वरचे आकडे बसवायचे, दोन-तीन जरा वाकडे ठेवायचे म्हणजे खरे वाटतात. पोरगी पहिल्यांदा घरी येऊन रडली होती, माझा लोलक चुकीचा हलतो म्हणून. चुकीचा हलतो. मी शिकलेली असते तर तिथेच काहीतरी बोलले असते. लोलक कसा चुकेल, तो हलतो तसा हलतो, एवढं तर मलाही वाटलं होतं, पण सरांसमोर माझं वाटणं कोण विचारतो. वर्षभरात तिचा लोलक बरोबर हलायला लागला आणि ती वर्गात पहिली आली. अशी नांगरून ठेवलेली जमीन तुम्हाला मिळाली. तुम्हाला नुसतं पेरायचं होतं.

तुमचं नवं पुस्तक आलं तेव्हा त्याला वास फार छान होता, कोऱ्या शाईचा. मी सवयीने चाळलं. सूक्ष्मजंतूंचा धडा गेला होता. मुलांवरचा भार कमी केला, असं सरांनी पालकांना सांगितलं. एखाद्या म्हणण्याची खात्री कशी करायची, त्याविरुद्ध जाणारी गोष्ट कशी शोधायची, असा एक जुना धडा होता, मला तो फार आवडायचा, त्यात एका माणसाने बंद आणि उघड्या बरणीत मांस ठेवून माश्यांचं काय होतं ते बघितलेलं होतं, तोही गेला. त्या जागी आपलं विज्ञान आलं. आपलं पाणी, आपली माती, आपल्या लोकांनी सगळं आधीच शोधलेलं, आणि परक्यांनी आपल्याला संशय घ्यायला शिकवून दुबळं केलेलं. शाळेत पथक निघालं. पोरगी पथकाची पुढारी झाली, छातीवर बिल्ला, केस घट्ट बांधलेले. ती दिसायची छान, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं तिच्या शंकांवर आम्ही फक्त हसायचो, आता तिला कुणीतरी गंभीरपणे काम दिलं होतं. संशय हा शब्द ती असा उच्चारायला लागली जसा मी झुरळ हा शब्द. मी एकदा म्हटलं, तू लहानपणी केवढ्या शंका काढायचीस. ती म्हणाली, "तेव्हा मी लहान होते."

मग पाण्याचा बोभाटा झाला. कुठल्याशा बाहेरच्या लोकांनी पाणी घाण आहे असं छापलं, आणि तुम्ही हुशारीने म्हणालात, आमची मुलं तपासतील. शाळेत लहान बाटल्या आल्या. आत औषधाची एक पट्टी असते. बाटलीत पाणी भरायचं, उबेत ठेवायचं, एक-दोन दिवसांनी पाणी काळं पडलं तर ते खराब, नाही पडलं तर चांगलं. इतकं सोपं आहे ते, मलाही जमेल. त्या आठवड्यात पोरगी सकाळी माझ्या पातेल्यातलं पाणी मोठ्या डब्यात भरून शाळेत न्यायला लागली. मी उकळून, गाळून, ताटलीखाली झाकून ठेवलेलं. मला वाटलं, प्यायला नेतेय. मी मनातून सुखावले. म्हटलं, तोंडाने काही का बोलेना, अक्कल आहे पोरीला. डबा पुसून, झाकणाला फडकं बांधून मीच तिच्या हातात देत होते. पुढे फोटो छापून आला, टेबलावर बाटल्यांची रांग, स्वच्छ, आरपार दिसणाऱ्या, आणि मागे पोरगी. ह्यांच्या टेबलावरच्या कागदाला खाली एक वाक्य जोडलं गेलं: विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करून त्याची खात्री केली आहे. हे घरी येऊन ते वाक्य बोलले नाहीत. जेवले, हात धुतले आणि पातेल्यावरची ताटली जरा वाकडी होती ती सरळ करून ठेवली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला.

काही आठवडे काही झालं नाही. मलाच वाटायला लागलं, मी उगाच गॅस जाळते. माणसाच्या मनाचं असंच असतं, चोवीस तास कुणी एकच गोष्ट ठामपणे केली की शेजारचा डळमळतो. मग तिचं जेवण तुटलं. अंग मोडून आल्यासारखी पडून राहायची. पथकाच्या कवायतीला जायची ती परत येताना भिंतीला हात लावून. एका दुपारी ती दुकानात आली, तिच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून. मी तिचा चष्मा काढला, काउंटरवरच्या पांढऱ्या दिव्यासमोर तिचा चेहरा आला, आणि माझ्या हातातला छोटा स्क्रूड्रायव्हर काचेवर पडला. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघते. मला डोळ्याचा पांढरा रंग पाठ आहे. तो हा नव्हता.

वॉर्ड भरलेला आहे. सगळे आमच्याच भागातले. खाटेखाटेवर पिवळे डोळे, आणि कुणी पाणी हा शब्द उच्चारत नाही. उच्चारला तर फक्त प्यायला मागण्यासाठी. डॉक्टरीणबाई तरुण आहे, डोळ्यांखाली काळं झालेलं, हळू बोलते. पहिल्या दिवशी तिने सांगितलं की कावीळ आहे, बहुतेक पोरं यातून उठतात, पण लिव्हरला आराम मिळाला पाहिजे, आम्ही देऊ त्याशिवाय दुसरं काहीही पोटात जाता कामा नये, पुड्या नाहीत, चूर्ण नाही, काढे नाहीत. मी तिला विचारलं, हे पाण्याने झालं ना? ती सलाइनच्या नळीकडे बघत राहिली. म्हणाली, कारणाच्या रकान्यात आम्हाला हवामान लिहायला सांगितलंय. ती घाबरलेली होती, पण खोटं बोलली नाही. तेवढ्यासाठी मी तिचे पाय धरले असते.

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई आकडे समजावून सांगत होती, इतके असायला हवेत, इतके आहेत. पोरगी उशीवर पडून ऐकत होती. मग तिने विचारलं, "लॅब कुणाची आहे?"

डॉक्टरीणबाईला कळलं नाही. म्हणाली, खालच्या मजल्यावर आहे.

"तसं नाही. आपल्यांची आहे की त्यांची?"

डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटच्या पोरीला, जी सेल बदलून बघायची, तिच्याच रक्तातला आकडा कोणत्या बाजूचा आहे हे आधी हवं होतं. नीट आठवा, हा प्रश्न तिला कुणी शिकवला. मी नाही. ह्यांनी नाही. सरांनीसुद्धा नाही, सरांनी तिला फक्त उत्तरापासून मागे यायला शिकवलं होतं. पण कुणाचं, हे आधी विचारायचं आणि काय, हे मागून, हा तुमचा धडा आहे.

त्या दुपारी तिला जरा बरं वाटत होतं, म्हणून मी बोलायला बसले. भांडायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्या केसांतून फणी फिरवत होते, केस फणीबरोबर निघून येत होते, ते मी मुठीत लपवत होते. सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्या त्या बाटल्या कशा केल्यात गं? तिला बरं वाटलं विचारलेलं. तिने सगळं सांगितलं, अगदी पूर्वीच्या तपासनीसासारखं, एकेक पायरी. पहिल्या वेळी त्यांनी बाटल्या थेट नळाखाली धरल्या, कपड्यात गुंडाळून कपाटावर उबेत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या काळ्या. एकही सुटली नाही. मुलं रडकुंडीला आली, प्रयोग चुकला म्हणून. सर म्हणाले, बघा बाबा, उत्तर तर ठरलेलं आहे, कुठे चुकलं ते तुम्हीच शोधा. आणि सर तासाला गेले.

"मग मी विचार केला," ती म्हणाली. "पाणी चांगलं आहे, म्हणजे घाण मध्येच कुठेतरी मिसळते. नळाच्या तोटीला, हाताला, डब्याला. प्रयोगात बाहेरचं काही मिसळायला नको. म्हणून उकळून घेतलेलं पाणी भरायचं ठरलं. शाळेत गॅस नाही, म्हणून तुझ्या पातेल्यातलं नेलं. मग एकसुद्धा काळी पडली नाही."

माझी फणी थांबली.

"अगं पण ते उकळलेलं होतं," मी म्हटलं.

"हो. म्हणूनच बरोबर आलं."

"बाळा, तू माझं पातेलं तपासलंस. नळ नाही तपासलास."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या पिवळ्या डोळ्यांत मी शोधत होते, काहीतरी, ती जुनी चमक, हात घट्ट धरून विचारणारी, आपल्याकडची बस? एक क्षण मला वाटलं, दिसलं. तिच्या कपाळावर एक आठी आली, फार बारीक, तक्त्याच्या खालच्या ओळीवर डोळे ताणताना येते तशी. मग आठी गेली. ती थकून म्हणाली, "नळाचंच होतं ना ते मूळचं. आई, तू मला संशय घ्यायला शिकवू नकोस." आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या मुठीत तिचे केस होते. मला ओरडायचं होतं आणि वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं पोर नुकतं झोपलं होतं.

बघा, कुणी लबाडी केली नाही. मी तेच तेच आठवून बघते, कुठेतरी एक बदमाश सापडावा म्हणून, ज्याची मानगूट धरता येईल. सापडत नाही. मुलांना कुणी बाटल्या बदला म्हणून सांगितलं नाही. त्यांनी चूक दुरुस्त केली, शिकवली होती तशी. हुशार मुलांनी, मन लावून. एखादी ढ मुलगी असती तर काळ्या बाटल्या तशाच टेबलावर ठेवून घरी गेली असती, आणि आज हा अर्धा वॉर्ड रिकामा असता. माझी हुशार निघाली. हे दुःख मी कुणाच्या गळ्यात पडून रडू?

तिच्या पथकातल्या मैत्रिणी भेटायला यायच्या, बिल्ले लावून, हसऱ्या, सभ्य, मला वाकून काकू म्हणणाऱ्या. येताना फळं आणायच्या. जाताना तिच्या उशीवरून हात फिरवायच्या. मला वाटायचं, माया आहे पोरींना. आज सकाळी चादर बदलताना उशीच्या अभ्र्यातून पुड्या पडल्या. रिकाम्या, घड्या घातलेल्या. एका कोपऱ्यात हिरवट भुकटी चिकटलेली होती. आपलं औषध. मी त्या घेऊन डॉक्टरीणबाईकडे धावले. तिने एक पुडी उघडून हुंगली आणि खुर्चीवर बसली. मी तिला याआधी बसलेली बघितली नव्हती. कधीपासून घेतेय, तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. मी परत आले तर पोरगी झोपलेली, म्हणजे मला झोप वाटली. हाक मारली. हलवलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी नम्रपणे, अनोळखी बाईशी बोलावं तसं म्हणाली, तुम्ही कुणाकडून आलात? आणि परत मिटले. डॉक्टरीणबाई आली, मागून दोघं खाट ढकलायला आली, आणि बाई मला म्हणाली, वडिलांना बोलवा. लगेच.

ह्यांचा मोबाईल कप्प्यात. कामाच्या वेळात ह्यांना गाठायचं तर तक्रारीचाच नंबर फिरवावा लागतो. मी जिन्यात आले आणि फिरवला. दोनदा भलत्यांनीच उचलला, मी ठेवून दिला. मग हे आले लाइनवर.

"नमस्कार, आपली तक्रार सांगा."

"अहो, मी आहे."

ह्यांच्या मागे काचेआड तो माणूस असणार, आणि बोलणं भरलं जात असणार. मग ह्यांच्या आवाजात, तो आवाज पोरगी नाकातून काढायची तोच, मला ऐकू आलं: "आपल्या भागातलं पाणी नियमित तपासलेलं असून पिण्यास योग्य आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करून त्याची खात्री केली आहे." मी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. विद्यार्थ्यांनी या शब्दावर आवाज फाटला, कापडाची शिवण उसवते तसा, बारीक.

"आणखी काही तक्रार?"

"तपासनीस मला ओळखत नाही," मी म्हटलं.

बाकीच्या टेबलांवरून तेच वाक्य येत होतं, पुढेमागे, कुणी अर्ध्यावर, कुणी सुरुवातीला. मग हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. खुर्ची सरकल्याचा. पावलं. कुणीतरी ओरडून ह्यांना विचारलं, कुठे चाललास. फोन मात्र ठेवायचा राहिला. तो चालूच आहे. तेव्हापासून मी तुमच्याशी बोलते आहे.

तर भरून घ्या. हे जिना चढत इथे पोचतील, त्यांच्या बुटाला अजून ती गाठ मारलेली नाडी असेल, ते मला काही विचारणार नाहीत. त्यांना मी माफ करीन की नाही ते माझं मी बघेन. पण ती शुद्धीवर आली, आणि ती येणार आहे, तिला यावं लागेल, तर पहिला प्रश्न हाच विचारेल की लॅब कुणाची. आणि मला उत्तर द्यायचं आहे. माझं ती मानणार नाही. बापाने तिचा विश्वास गमावलाय, डॉक्टरीणबाईचं तोंड तुम्ही बंद केलंत, सर उत्तरापासून मागे येतात. या सगळ्या शहरात ती फक्त तुमचं ऐकते. म्हणून तुम्ही या. कुणीही या, पहिल्या पानावरचा या नाहीतर गार खोलीतला या. आमच्या खुर्चीत बसा, ती जड फ्रेम नाकावर चढवा. तुमच्यासमोर मी दोन बाटल्या ठेवते. एक थेट नळाखाली धरलेली, एक माझ्या पातेल्यातली. कुणाच्या भुवयांकडे बघू नका. पाठ केलेलं म्हणू नका, तक्ता मी उलटा टांगलाय. मग तिच्या खाटेपाशी उभे राहून, तिला ऐकू जाईल असं, जे दिसतं तेवढंच सांगा.

कोणती काळी आहे? पहिली की दुसरी?

फोन चालू आहे. बोला.